अख्खा घास

दुर्गा जेवायला बसली की घराकडे पाठ करून बसायची. मागच्या अंगणात, धुरानं काळवंडलेल्या भिंतीकडे तोंड करून. ताट मांडीवर घ्यायची, भाताचा बोराएवढा गोळा करायची, वरणाच्या पाण्यात बुडवायची, जिभेवर ठेवायची आणि मान मागे टाकून गिळायची. वर एक घोट पाणी. पुन्हा गोळा, पुन्हा पाणी. वांग्याची फोड असली तरी तसंच, लाखोळीची डाळ असली तरी तसंच. जबडा जराही हलायचा नाही. दहा मिनिटांत ताट रिकामं करून ती उठायची आणि राखेनं घासून पालथं घालायची.

कुरखेड्यापासून बारा-तेरा किलोमीटर आत असलेल्या त्या गावात याचं कोणाला नवल वाटत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी अस्वलानं दुर्गाचा चेहरा फाडला होता. डाव्या डोळ्याखालून निघालेला व्रण गालावरून खाली येऊन हनुवटीत शिरला होता आणि हनुवटी जागची हलून एका बाजूला गेली होती. चौतीस वर्षांची बाई, चारचौघांत जेवायला लाजत असेल, असं सगळे धरून चालले होते.

लाजेचं काही नव्हतं. दुर्गाला आवाजाची भीती वाटायची.

वरचे दात खालच्या दातांवर टेकवायला ती गेली की डाव्या कानाच्या मुळाशी कट् असं वाजायचं. बाहेर कोणाला ऐकू जायचं नाही. पण तिच्या डोक्यात तो आवाज असा फुटायचा, की घास तोंडात तसाच राहायचा आणि अंगावर काटा यायचा. तो आवाज तिनं आधी एकदा ऐकला होता. मोहाच्या झाडाखाली, पालापाचोळ्यात पडल्या पडल्या. म्हणून ती चावत नव्हती.

जेवून अर्धा तास झाला की पोट बोलायला लागायचं. आधी बेंबीच्या वर दगड ठेवल्यासारखं जड व्हायचं, मग पोट तट्ट फुगायचं, मग आत काहीतरी सरकायचं, थांबायचं, परत सरकायचं. आत कोणी कूस बदलत असावं तसं. कधी घशाशी आंबट यायचं, कधी सगळंच बाहेर पडायचं. दोन वर्षांत तिचं वजन अडतीस किलोवर आलं होतं. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत चढायच्या.

घरात माणसं चारच. नवरा सुनिल धानाची शेती बघून गिरणीत कामाला जायचा. सासू बायनाबाई सत्तरीची, अजून ताठ. आणि पुनम. पुनम ही मोठ्या जावेची, रंभाची मुलगी. रंभाचा नवरा पुनम चार वर्षांची असतानाच तापानं गेला होता. दुर्गाला स्वतःचं मूल झालं नाही, त्यामुळे पुनम दोघींच्या मांड्यांवर सारखीच वाढली. आता ती सतरा वर्षांची होती, बारावीला होती आणि दिवसेंदिवस रंभासारखी दिसायला लागली होती. तेच रुंद कपाळ. घास सावकाश, मन लावून चावण्याची तीच तऱ्हा. दुर्गा पाठ करून बसायची, याला हेही एक कारण होतं.

पुनमला वाटायचं, काकूला आपण नकोसे झालो आहोत.

त्या दिवसाची गोष्ट गावाला अशी माहीत होती. मार्चचा शेवटचा आठवडा होता. दोघी जावा झुंजूमुंजू असताना टोपल्या घेऊन मोह वेचायला गेल्या. अस्वलालाही मोहफुलं आवडतात हे तिथलं पोरही जाणतं, म्हणून माणसं बोलत, काठ्या आपटत जातात. त्याही तशाच गेल्या. पण झाडामागच्या खोलगटात अस्वल आपल्या पिल्लांना घेऊन होतं. ते सरळ दुर्गावर आलं, तोंडावर पंजा मारला आणि जबडा धरला. रंभानं काठीनं त्याच्या पाठीवर घाव घातले, तेव्हा ते दुर्गाला सोडून रंभाकडे वळलं. पलीकडच्या झाडाखालून सुकलू आणि त्याची माणसं ओरडत धावली, पण ती पोचेपर्यंत रंभा संपली होती. दुर्गा बेशुद्ध पडली होती, म्हणून वाचली.

यातली शेवटची गोष्ट खोटी होती. दुर्गा बेशुद्ध नव्हती.

ती डोळे मिटून पडली होती. तोंडातून कढत रक्त घशात जात होतं, नाकात मोहाचा गोडसर वास भरला होता, आणि सहा-सात हातांवर रंभा होती. दुर्गाला सगळं ऐकू येत होतं. हाडावर दात बसल्याचा तो आवाज, कट्, परत कट्. आणि मध्ये मध्ये रंभाची हाक.

नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात दुर्गाचा तुटलेला जबडा जोडला. वरचे आणि खालचे दात तारेनं एकमेकांना बांधले आणि सांगितलं, सहा आठवडे तोंड उघडायचं नाही, नळीनं पातळ घ्यायचं. वीस दिवसांनी ती घरी आली. पेज, डाळीचं पाणी, दूध यावर होती. तोंड बंद, म्हणून बोलायचा प्रश्न नव्हता, आणि दुर्गाला ते बरंच वाटत होतं. तार होती तोवर तिला कोणी काही विचारलं तरी उत्तर द्यावं लागत नव्हतं.

पुनम तेव्हा पंधराची होती. रोज दुपारी खाटेशी येऊन बसायची. एके दिवशी ती वही आणि पेन घेऊन आली.

"काकू, लिहून सांग. आई काही बोलली का?"

दुर्गानं पेन हातात घेतला. पोरीची नजर कागदावर खिळलेली होती. दुर्गानं लिहिलं, 'मी बेसुद होती.' पुनमनं ते वाचलं, पान फाडलं, घडी करून दप्तरात ठेवलं आणि उठून गेली.

दुसऱ्या दिवशी घरात कोणी नसताना दुर्गानं सुनिलच्या अवजारांच्या पेटीतून पकड काढली आणि आरशासमोर उभं राहून दातांच्या तारा एक एक करून तोडल्या. चौथा आठवडा चालू होता. हिरड्या फाटल्या, पदर रक्तानं भिजला. पुनम शाळेतून आली की तोंडानं खरं सांगायचं, असं तिनं ठरवलं होतं. पुनम आली, दप्तर ठेवलं, "काकू, काय झालं?" म्हणून धावत आली. दुर्गानं तोंड उघडलं. लाळ आणि रक्त निघालं, शब्द निघाला नाही.

तार आपोआप सुटली, असं तिनं घरच्यांना सांगितलं. सुनिलनं परत नागपूरला चल म्हणून पुष्कळ मनधरणी केली. ती गेली नाही. पुढे पेरणी आली, रोवणी आली. ओलं हाड जसं सरकलं तसंच जुळलं. वरचे दात एकीकडे, खालचे दुसरीकडे. तेव्हापासून कानामागचा आवाज सुरू झाला.

पोटाचे इलाज बरेच झाले. आरमोरीच्या डॉक्टरनं गॅसच्या गोळ्या दिल्या. गडचिरोलीला सोनोग्राफी झाली, रक्त तपासलं, सिकलसेलही पाहिला. कशातच काही निघालं नाही. गोळ्या घेतल्या की चार दिवस बरं वाटायचं, पाचव्या दिवशी तेच.

एकदा शेजारचा सुकलू अंगणात बसला होता. त्या दिवशी सगळ्यांत आधी धावून गेलेला तोच. दुर्गाला भिंतीशी ओकताना पाहून तो बायनाबाईला हळूच म्हणाला, "बाई, माह्यं ऐक. रंभाबाईचं काहीतरी राहून गेलं हाय. थे हिच्या पोटात येऊन बसली."

बायनाबाईनं त्याला तिथंच थांबवलं. "सुकलू, तुया मनात वाईट नाई, मले मालूम हाय. पन आमी हे सारं छप्पन सालीच सोडलं. माह्या सासऱ्यानं घरातले देव नदीत सोडले तवापासून या घरात भूत नाई न् पोटात बसनं नाई."

दुर्गानं भिंतीशी बसून ते ऐकलं. सुकलूच्या घरी असतं तर निदान कोणी पुढ्यात बसवून विचारलं असतं, कोण आहेस, काय पाहिजे. इथं घरातल्या भिंतीवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो होता. या घरात रंभाला यायला दारच नव्हतं. तरी ती आली होती, आणि ते फक्त दुर्गाला ठाऊक होतं.

पावसाळा ओसरता ओसरता एका सकाळी दुर्गा अंगणात मोठ्यानं ओकली आणि तिथंच बसली. पुनम पाणी घेऊन आली. राख टाकायला वाकली आणि तशीच थांबली.

"काकू, हे कालचं हाय."

रात्रीची वांग्याची फोड जशीच्या तशी होती. साल सुटलं नव्हतं. भाताची शितं अख्खी होती, डाळीचे दाणे मोजून घ्यावेत असे. पुनमनं काडीनं ते बाजूला केलं. किळस तिला नव्हती. नर्सिंगला जायचं तिनं केव्हाच ठरवलं होतं.

"तू चावतच नाई. बारा तास झाले, पोटात काहीच नाई झालं याचं." तिनं वर पाहिलं. "काऊन नाई चावत तू?"

"दात बसत नाई," दुर्गा म्हणाली. ते खोटं नव्हतं.

"मग पोटाच्या डॉक्टरकडे काऊन जाऊन राह्यलो आपन? दाताच्या डॉक्टरकडे जाऊ."

तालुक्याच्या दवाखान्यात आठवड्यातून दोन दिवस दातांची डॉक्टर यायची. खुशबू तिचं नाव, वय तिशीच्या आतलं. पुनमनं दुर्गाला घेऊन सकाळची बस धरली. खुशबूनं आधी व्रणाकडे पाहिलं नाही, हातांकडे पाहिलं. मनगट दोन बोटांत धरून म्हणाली, "मावशी, तुम्ही जेवता तरी का?"

"जेवतो ना मॅडम. पोटभर जेवतो."

खुशबूनं तिला खुर्चीत बसवलं, दिवा तोंडावर घेतला आणि निळ्या रंगाचा एक पातळ कागद दातांमध्ये ठेवला. "हळूच दाबा."

दुर्गानं डोळे मिटले आणि दाबलं. कट्. खुर्चीचे दोन्ही हात तिनं घट्ट धरले.

खुशबूनं कागद काढला, लहान आरसा तोंडात धरला आणि पुनमला जवळ बोलावलं. "बघ. जिथं दात दातावर टेकतो तिथं निळा डाग पडतो. धडधाकट तोंडात सगळ्या दाढांवर डाग दिसतात. यांच्या फक्त मागच्या दोन दाढांवर आहे. बाकी कोणाची गाठच पडत नाही."

मग ती दुर्गाला समजावून सांगू लागली. भात पचायला सुरुवात तोंडातच होते, लाळेनं. घास बारीक झाला, लाळेत भिजला, तर पोटाचं काम सोपं. अख्खा घास गेला की पोटाला तो घुसळत बसावं लागतं, तासन् तास. आंबटपणा वाढतो, वर येतो. जे घुसळूनही फुटत नाही ते आतड्यात जातं, तिथं आंबतं आणि गॅस होतो. "तुमच्या पोटात दोष नसेल, मावशी. जे काम त्याचं नाही ते त्याला करावं लागतंय. जबडा असा कसा जुळला? तार पूर्ण सहा आठवडे होती ना?"

"आपोआप सुटली," दुर्गा म्हणाली.

खुशबूनं टेबलाच्या खणातून बिस्किटाचा पुडा काढला आणि एक बिस्कीट पुढे केलं. "हे खाऊन दाखवा. तुमच्या रीतीनं."

दुर्गानं तुकडा मोडला, जिभेवर ठेवला, विरघळायची वाट पाहिली आणि मान मागे टाकून गिळला.

"दोन दाढा तर टेकतात ना? त्यांनीही तुम्ही चावत नाही. दुखतं का?"

"नाई."

"मग?"

दुर्गानं पुनमकडे पाहिलं. पुनम टेबलावरच्या निळ्या कागदाकडेच पाहत होती. "आवाज येते, मॅडम," दुर्गा म्हणाली. "चावलं का इथी वाजते. मले तो आवाज नाई सोसत."

खुशबूनं कानाखाली बोट ठेवून तिला तोंड उघडायला, मिटायला लावलं. सांधा सरकला आहे, म्हणाली. खरा इलाज नागपूरला, हाड परत कापून, जागेवर आणून, पट्टी-स्क्रूनं बसवायचं. तोवर भात मऊ शिजवा, भाजी ठेचून घ्या, घास लहान, आणि प्रत्येक घास निदान वीस वेळा चावा. जी दाढ जास्त उंच लागत होती ती तिनं थोडी घासून दिली. "आवाज आला तरी चावा. आवाजानं काही होत नाही."

बस स्टँडवर दोघी बाकावर बसल्या. परतीच्या बसला तास होता. पुनमनं आपल्यासाठी आलुभोंडा आणि काकूसाठी दोन केळी आणली. तिनं आलुभोंड्याचा एक तुकडा मोडून तोंडात घातला आणि नेहमीसारखी सावकाश चावायला लागली. दुर्गा या वेळी तिच्या शेजारीच होती, पाठ करायला जागा नव्हती.

"पुनम, मी बेसुद नव्हती."

"केव्हा?"

"त्या दिवशी. तुले लिहून देल्लं होतं ना मी. खोटं होतं थे."

पुनमचं चावणं थांबलं.

"मले सारं ऐकू येत होतं. माह्यावरून अस्वल उठलं थे रंभाबाईनं काठी मारली म्हनून. मग बाई खाली पडली. तिनं मले हाक मारली. मी ओ देल्ली नाई. डोळे मिटून पडून राह्यली. मले वाटलं, हालली तं परत माह्यावर येईन."

स्टँडवर एक बस लागली, माणसं उतरली, कंडक्टर ओरडला. ती बस निघून गेल्यावर पुनमनं विचारलं.

"किती डाव मारली हाक?"

"तीनदा."

"काय म्हटलं?"

"माह्यं नाव घेतलं. नुसतं दुर्गा म्हटलं. दुसऱ्या डावानंही तेच. तिसऱ्या डावानं..." दुर्गाचा हात कानाकडे गेला. "तिसऱ्या डावानं नुसतं दु म्हटलं."

पुनम उठली. हातातला आलुभोंडा तिनं कागदासकट बाकावर ठेवला आणि नळावर जाऊन चूळ भरली. बस आल्यावर ती पुढे ड्रायव्हरच्या मागे जाऊन बसली. दुर्गा मागे बसली. गावाच्या फाट्यावर दोघी उतरल्या आणि अर्धा किलोमीटर एकीच्या मागे एक चालत घरी आल्या.

मनातलं बोललं की माणूस हलका होतो, असं म्हणतात. दुर्गाला तसं काही झालं नाही. आधी जे एका पोटात होतं ते आता घरभर झालं. पुनम ताट वाढायची, पाणी ठेवायची, पण बोलायची नाही. रंभाचा फोटो तिनं आपल्या पुस्तकांच्या फळीवर नेला होता. त्या दिवसांत दुर्गाला भिंतीकडे तोंड करून बसलं तरी पाठीमागे कोणी उभं असल्यासारखं वाटायचं. वळून पाहिलं की अंगण रिकामं. एकदा दुपारी तांदूळ निवडताना तिला स्पष्ट हाक ऐकू आली, आणि ती इतक्या मोठ्यानं "ओ" म्हणून उठली की सुपातले तांदूळ सांडले. घरात पलीकडे बायनाबाई एकटी होती.

बायनाबाई तिच्याजवळ येऊन तांदूळ गोळा करायला बसली.

"पकड मीच धुतली होती," ती म्हणाली.

दुर्गानं मूठभर तांदूळ सुपात टाकले आणि मान वर केली.

"तार आपोआप सुटली म्हटलं तू. पेटीत पकड रक्तानं भरली होती. मी धुतली, तेल लावलं, ठेवून देल्ली. कोनाले बोलली नाई. तुले काही तं सांगायचं होतं पोरी, थे मले समजलं होतं. मी इचारलं नाई. मले भ्याव वाटलं, आयकावं लागन म्हनून." तिनं सूप उचललं. "पुनमनं सांगतलं मले काल."

"आत्या..."

"मले नको सांगू परत. माह्यं वय नाई आता. तिचं आयकाचं वय हाय."

बाराव्या दिवशी संध्याकाळी दुर्गा मागच्या अंगणात ताट घेऊन बसली, तर पुनम आपलं ताट घेऊन आली आणि दुर्गा आणि भिंत यांच्यामध्ये बसली. गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ. भात मऊ शिजवलेला होता, भाजी पाट्यावर ठेचलेली होती.

"चाव," ती म्हणाली.

"पुनम, मले नाई होत."

"वीसदा सांगतलं ना मॅडमनं? मी मोजतो. चाव."

"मले थेच ऐकू येते, पुनम. चावलं का थेच."

"मग ऐक." पुनमचे डोळे कोरडे होते. "आईनं तुयासाठी काठी उचलली. तू एवढं तं ऐकशील."

दुर्गानं घास तोंडात घातला आणि उजव्या बाजूला नेला. कट्. ताट हातातून निसटायला आलं, तसं पुनमनं ते खालून धरलं. "एक." कट्. "दोन." पाचव्याला दुर्गाच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, नवव्याला ओकारी आली. पुनम थांबली नाही, आवाजही चढवला नाही. वीस झाल्यावर म्हणाली, "गिळ. आता मले सांग, कोनत्या झाडाखाली होते तुमी?"

"नाल्याकडच्या. थे दुहेरी बुंध्याचं हाय ना."

"आईनं कोनती साडी नेसली होती?"

"हिरवी. काठ फाटला होता, टाके घातले होते तिनं."

त्या दिवशी चारच घास झाले. दुसऱ्या दिवशी सहा. रोज पुनम वीसपर्यंत मोजायची आणि प्रत्येक घासामागे एक प्रश्न विचारायची. वाटेत काय बोललात? हसली का? अस्वल आधी कोणाला दिसलं? काठी कोणाची होती? दुर्गा आठवून आठवून सांगायची. काही वेळा ऐकून पुनम उठून जायची, तेव्हा घास तिथंच थांबायचा. काही वेळा दुर्गालाच पुढे बोलवत नसे. पण दुसऱ्या दिवशी दोघी पुन्हा समोरासमोर असायच्या. अशी ती एक पहाट सांगून व्हायला दीड महिना लागला. ज्या दिवशी तिसऱ्या हाकेपर्यंत पोचल्या, त्या दिवशी पुनमनं मोजलं नाही. दुर्गा स्वतःच चावत राहिली, वीस केव्हा झाले ते दोघींनाही कळलं नाही.

तू चुकलीस असं पुनम कधी म्हणाली नाही. माफ केलं असंही म्हणाली नाही.

दिवाळीपर्यंत ओकाऱ्या थांबल्या होत्या. पोट फुगायचं, पण दगड ठेवल्यासारखं होईना. वजन तीन किलोनं वाढलं. आवाज मात्र होताच. धान कापून, मळून झाल्यावर सुनिल तिला नागपूरला घेऊन गेला. या वेळी ती मुकाट्यानं गेली. डॉक्टरांनी हाड कापलं, जागेवर आणलं, पट्ट्या बसवल्या आणि दोन आठवड्यांसाठी परत तारा बांधल्या. पुनम दवाखान्यात खाटेखाली चटई टाकून राहिली. तिनं या वेळी वही आणली नव्हती. दुर्गाचं तोंड बंद होतं, आणि विचारण्यासारखं काही राहिलेलंही नव्हतं. दोघी खिडकीतून समोरच्या इमारतीचे मजले बघत बसायच्या.

तारा निघाल्यावर खुशबूनं परत निळा कागद लावला. या वेळी डाग जवळजवळ सगळ्या दाढांवर होते. खुशबू मनापासून हसली. "आता काय, मावशी, फुटाणे खा."

कानामागचा आवाज गेला होता. पहिल्यांदा ज्वारीची भाकर नीट चावून खाल्ली तेव्हा दुर्गाला आपल्याच तोंडातली शांतता ओळखीची वाटेना. घास बारीक होत होता, गोड लागत होता, सहज खाली जात होता. पोट काही बोलत नव्हतं. तिला वाटलं होतं, आवाज गेला की रंभाही जाईल. तसं झालं नाही. मार्चमध्ये मोहाचा वास गावात शिरला, तसे तिचे दोन्ही हात गार पडले आणि पंधरा दिवस गारच राहिले. ती कामं करत होती, जेवत होती, चावत होती. फक्त कोणी मागून नाव घेऊन हाक मारली की ती काय करत असेल ते टाकून लगेच, फार मोठ्यानं ओ द्यायची. बायका हसायच्या. ती हसू द्यायची.

जुलैत पुनमला गडचिरोलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला. सुनिलनं ट्रंक बसच्या टपावर चढवून दिली. पुनमनं आजीच्या पायाला हात लावला, काकूच्या खांद्यावर हात ठेवला आणि खिडकीशी जाऊन बसली.

रोज दुपारी तिचा फोन यायचा. बोलणं दोन-चार वाक्यांचं. पाऊस कसा आहे, आजीचा गुडघा कसा आहे. मग ती विचारायची, "जेवली का? काय जेवली?" दुर्गा सांगायची. अंबाडीची भाजी. भात. आज सुकट होती. "चावली ना?" "हव, चावली."

श्रावणातल्या एका दुपारी असंच सगळं बोलून झालं, तरी पुनमनं फोन ठेवला नाही. मागे होस्टेलच्या मुलींचा, भांड्यांचा आवाज येत होता.

"काकू, एक इचारायचं राहून गेलं," ती म्हणाली. "त्या दिवशी आई काय खाऊन निघाली होती?"

दुर्गा ओसरीवर उभी होती. तिनं खांबाला टेका घेतला. दीड महिना रोज सांगूनही हे तिला कोणी विचारलं नव्हतं, आणि तिनंही आठवलं नव्हतं.

"काहीच नाई," ती म्हणाली. "काळा चहा पेली होती. मी म्हटलं होतं, भाकर खाऊन घ्या. बाई म्हने, उन्हं चढायच्या आत वेचून येऊ, मग आरामात बसून जेवू."

पलीकडे भांड्यांचा आवाज चालू राहिला.

"बरं," पुनम म्हणाली. मग परत म्हणाली, "बरं. आजीले सांग, रविवारी येतो मी."

फोन बंद झाला. दुर्गा आत गेली. चुलीजवळ झाकलेला भात अजून कोमट होता. एकदा जेवण झालेलं असूनही तिनं दोन ताटं घेतली, थोडा थोडा भात वाढला, आणि एक ताट बायनाबाईपुढे ठेवलं.

"आता तं जेवलो ना," बायनाबाई म्हणाली.

"जेवा थोडं, आत्या. माह्यासंग."

बायनाबाईनं तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि ताट जवळ ओढलं. पाऊस लागला होता. दोघी समोरासमोर बसल्या आणि सावकाश जेवू लागल्या.